पात्र स्टुडिओचे, पण चेहरा कोणाचा? क्रिस्पिन ग्लोव्हर यांच्या कारकिर्दीतून समजून घेऊ व्यक्तिमत्त्व हक्क

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ज्येष्ठ गायिका आशा भोसले यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अंतरिम मनाई केली. त्याआधी २०२४ मध्ये याच न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांना आणि २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभिनेते अनिल कपूर यांना अशाच प्रकारचे संरक्षण दिले होते. या सगळ्या बातम्यांमध्ये ‘व्यक्तिमत्त्व हक्क’ असा शब्द येतो आणि सामान्य वाचक तिथेच अडखळतो. गाण्याचे हक्क ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीकडे असतात आणि चित्रपटाचे निर्मात्याकडे असतात, हे आपल्याला ठाऊक असते. मग कलाकाराच्या हाती उरते तरी काय, आणि जे उरते त्याला कायद्याच्या भाषेत ‘हक्क’ का म्हणायचे?

व्यक्तिमत्त्व हक्क म्हणजे स्वतःचे नाव, चेहरा, आवाज, सही आणि लोकांना चटकन ओळखू येईल अशी लकब यांचा व्यापारी वापर कोणी, कुठे आणि कोणत्या अटींवर करावा हे ठरवण्याचा अधिकार. व्याख्या सोपी असली तरी ती प्रत्यक्षात कुठे लागू होते आणि कुठे होत नाही हे कळण्यासाठी एखादे खरे प्रकरण तपशिलाने पाहावे लागते. माझ्या मते त्यासाठी सर्वांत बोलके प्रकरण १९८९ चे आहे. त्या वेळी संगणकाला कोणाचा चेहरा घडवता येत नव्हता. जे केले गेले ते साचे, कृत्रिम अवयव आणि रंग यांच्या मदतीने केले गेले.

जॉर्ज मॅकफ्लाय साकारणारा अभिनेता

‘बॅक टू द फ्युचर’ हा चित्रपट जुलै १९८५ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक कमाई करणारा चित्रपट ठरला. मार्टी मॅकफ्लाय हा तरुण एका शास्त्रज्ञाच्या मोटारीतून १९८५ मधून १९५५ मध्ये जाऊन पोहोचतो आणि तिथे त्याची गाठ शाळकरी वयातल्या स्वतःच्या आईवडिलांशी पडते, अशी त्याची कथा आहे. मार्टी साकारणारे मायकेल जे. फॉक्स त्यामुळे जगभर पोहोचले. त्याच्या वडिलांची, म्हणजे जॉर्ज मॅकफ्लायची, भूमिका करणारे क्रिस्पिन ग्लोव्हर मात्र आज अनेकांना नावाने आठवत नाहीत, चेहऱ्याने आठवतात. पुढे जो वाद झाला तो नेमका याच चेहऱ्यावरून झाला.

ग्लोव्हर यांचा जन्म १९६४ चा, म्हणजे पडद्यावर मुलगा झालेल्या फॉक्स यांच्यापेक्षा ते वयाने तीन वर्षांनी लहान. वडील ब्रूस ग्लोव्हर हेही अभिनेते होते, त्यामुळे मुलाने या व्यवसायात किशोरवयातच पाऊल ठेवले. या चित्रपटाच्या वेळी जेमतेम विशी ओलांडणाऱ्या या मुलाने एकाच चित्रपटात जॉर्जची तीन रूपे उभी केली: सत्तेचाळिशीतला पिचलेला बाप, सतरा वर्षांचा बुजरा विद्यार्थी, आणि कथेच्या शेवटी बदललेल्या आयुष्यातला आत्मविश्वासू लेखक. आखडलेले खांदे, अवेळी फुटणारे चिरके हसू, समोरच्याच्या नजरेला नजर न देता पुटपुटणे या गोष्टी एखादी पटकथा फार तर सुचवू शकते. त्या घडवतो तो अभिनेताच. १९५५ च्या प्रसंगांत जॉर्ज मूठ आवळून बिफ या दांडगट मुलाला खाली लोळवतो, त्याआधीचे काही क्षण पुन्हा पाहावेत. ग्लोव्हर यांच्या थरथरणाऱ्या हातात भीती आणि संताप एकाच वेळी दिसतात आणि सगळ्या कथेची कलाटणी त्या हातावर पेललेली आहे.

दुसऱ्या भागात नेमके काय घडले?

चित्रपट इतका चालल्यावर पुढचे भाग निघणार हे उघड होते. ग्लोव्हर मात्र त्यात दिसले नाहीत. निर्मात्यांच्या म्हणण्यानुसार त्यांनी अवाच्या सवा मानधन मागितले. ग्लोव्हर यांच्या म्हणण्यानुसार त्यांना सहकलाकारांच्या तुलनेत फारच कमी रक्कम देऊ करण्यात आली होती. पहिल्या चित्रपटाच्या शेवटाबद्दलही त्यांचा आक्षेप होता: कुटुंबाला मिळालेले सुख नव्या गाडीच्या आणि पैशांच्या रूपात दाखवू नये, ते प्रेमाच्या रूपात दिसावे, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी चित्रीकरणाच्या वेळीच बोलून दाखवले होते. मानधनाच्या वादात कोण खरे हे बाहेरच्या माणसाला ठरवता येणार नाही आणि पुढच्या प्रश्नासाठी ते ठरवण्याची गरजही नाही. बोलणी फिसकटली, एवढे पुरेसे आहे.

बोलणी फिसकटल्यावर निर्मात्यांपुढे दोन सरळ मार्ग होते. पात्र कथेतून वगळायचे, किंवा दुसऱ्या अभिनेत्याला त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यानिशी उभे करायचे. त्यांनी तिसराच मार्ग धरला. पहिल्या चित्रपटात ग्लोव्हर यांना सत्तेचाळीस वर्षांचे दाखवण्यासाठी रंगभूषाकारांनी त्यांच्या चेहऱ्याचा साचा घेतला होता. यात अभिनेत्याला डोळे मिटून स्थिर बसवतात, नाकपुड्या मोकळ्या ठेवून संपूर्ण चेहऱ्यावर ओला लेप देतात, आणि तो घट्ट झाल्यावर अलगद काढून घेतात. चेहऱ्याची प्रत्येक वळी त्यात उमटलेली असते. हा साचा एका कामासाठी, एका चित्रपटासाठी दिलेला होता. त्याचाच उपयोग करून जेफ्री वाइसमन या दुसऱ्या अभिनेत्यासाठी कृत्रिम हनुवटी, नाक आणि गालफडे तयार करण्यात आली आणि ती चढवून त्यांना कॅमेऱ्यापुढे उभे करण्यात आले.

त्यानंतर ही नक्कल उघडी पडणार नाही अशा बेताने प्रसंग रचले गेले. २०१५ सालच्या प्रसंगात म्हातारा जॉर्ज पाठीच्या दुखण्यावरचा उपचार म्हणून एका यंत्राला उलटा टांगलेला दिसतो. उलट्या चेहऱ्यातले फरक प्रेक्षकाच्या लक्षात येत नाहीत. इतर ठिकाणी तो लांबून किंवा धूसर दिसतो. कथेच्या एका फाट्यात तर त्याचा खून होऊन गेलेला असतो आणि मार्टीला केवळ त्याची कबर दिसते. जोडीला ग्लोव्हर यांचे पहिल्या चित्रपटातले खरे चित्रण या नव्या प्रसंगांमध्ये बेमालूम मिसळण्यात आले. परिणाम असा झाला की दुसऱ्या भागात ग्लोव्हर यांनीच काम केले आहे, असे असंख्य प्रेक्षकांना वाटले.

वाइसमन यांना यात दोष देणे अन्यायाचे होईल. मिळालेले काम सांगितल्याप्रमाणे करणारे ते एक कलाकार होते. निर्णय घेणारे दुसरेच होते.

पात्र, चित्रण आणि चेहरा: तीन निरनिराळ्या गोष्टी

इथे कायद्याची मांडणी समजून घ्यावी लागते. ‘जॉर्ज मॅकफ्लाय’ हे काल्पनिक पात्र आहे. त्याचे नाव, स्वभाव, गोष्ट हे सगळे लिहिणाऱ्यांच्या आणि त्यांच्याकडून हक्क घेणाऱ्या स्टुडिओच्या मालकीचे आहे. पहिल्या चित्रपटाचे चित्रण, म्हणजे फिल्मवर उमटलेली दृश्ये, यांचाही कॉपीराइट स्टुडिओकडे आहे. तिसरी गोष्ट म्हणजे ग्लोव्हर यांचा स्वतःचा चेहरा. तो ना पटकथाकाराने लिहिला, ना स्टुडिओने विकत घेतला. एका चित्रपटापुरता तो वापरण्याची परवानगी, ठरलेल्या मानधनाच्या बदल्यात, अभिनेत्याने दिली होती.

आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या भाडेकराराचा विचार केला तर हे लगेच ध्यानात येते. भाडेकरू करार असेपर्यंत घरात राहू शकतो, घरात काढलेले त्याचे फोटो कायम त्याचेच राहतात, आणि त्यावर घरमालक हरकत घेऊ शकत नाही. पण करार संपल्यावर, नव्या भाड्यावर एकमत झाले नाही म्हणून, आधीच करून ठेवलेल्या दुसऱ्या किल्लीने दार उघडून तो पुन्हा राहायला लागला, तर ‘मी एकदा भाडे भरले होते’ हे त्याचे उत्तर कोणी मान्य करणार नाही. चेहऱ्याचा साचा ही ती दुसरी किल्ली होती.

भारतीय कॉपीराइट कायद्यात हाच भेद एका छोट्या शब्दप्रयोगात सापडतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम ३८अ नुसार, कलाकाराने आपले सादरीकरण चित्रपटात घेण्यास लेखी संमती दिली की, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, निर्मात्याने ते ‘त्याच चित्रपटात’ वापरण्यावर त्याला हरकत घेता येत नाही. त्याच चित्रपटात. पुढच्या भागाला, जाहिरातीला, खेळण्याला किंवा मोबाइलवरच्या खेळाला ही संमती आपोआप लागू होते असे कलमात कुठेही म्हटलेले नाही.

‘भूमिका दुसऱ्याला देणे तर नेहमीचेच आहे’

हा सर्वांत आधी येणारा आणि रास्त वाटणारा आक्षेप आहे. जेम्स बाँड किती अभिनेत्यांनी केला! आपल्या मालिकांमध्ये तर एखाद्या सोमवारी सून बदललेली असते आणि प्रेक्षक दोन दिवसांत तिला स्वीकारतात. मग ग्लोव्हर यांच्या जागी दुसरा माणूस आला तर बिघडले कुठे?

याचे उत्तर त्याच चित्रपटात आहे. पहिल्या भागात मार्टीची मैत्रीण जेनिफर हिची भूमिका क्लॉडिया वेल्स यांनी केली होती. कुटुंबातील आजारपणामुळे त्या पुढच्या भागांत काम करू शकल्या नाहीत. त्यांच्या जागी एलिझाबेथ शू आल्या. दुसरा भाग पहिल्या भागाच्या शेवटच्या प्रसंगापासूनच सुरू होत असल्याने तो प्रसंग शू यांना घेऊन नव्याने चित्रित करण्यात आला. शू यांना वेल्स यांचे नाक चिकटवले नाही की त्यांना उलटे टांगले नाही. प्रेक्षकांना बदल दिसला, त्यांनी तो मान्य केला, आणि त्यावरून कोणताही खटला झाला नाही.

जेनिफरच्या बाबतीत पात्र बदलत्या हातांत गेले. जॉर्जच्या बाबतीत माणूसच उचलून नेला. ग्लोव्हर यांनी नंतर अनेक मुलाखतींतून हेच सांगितले आहे की, दुसऱ्या अभिनेत्याला घेतले असते तर आपली काहीच तक्रार नव्हती. आपणच ती भूमिका करीत आहोत असा आभास निर्माण केला गेला, ही तक्रार होती. मला हा मुद्दा निर्विवाद वाटतो. ते सहकलाकार म्हणून कितीही अवघड असोत, मानधनाची त्यांची अपेक्षा अवास्तव असो वा नसो, ‘नाही’ म्हणण्याचा त्यांचा अधिकार यामुळे कमी होत नाही. उलट, कलाकाराने नकार दिला तरी त्याचा चेहरा मिळतोच असे ठरले, तर मानधनाच्या बोलणीला अर्थच राहणार नाही.

खटला, तडजोड आणि अर्धवट राहिलेले उत्तर

ग्लोव्हर यांनी १९९० मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओ आणि निर्मात्यांविरुद्ध दावा लावला. त्या वेळी कायद्याची जमीन थोडीफार तयार होती. अमेरिकेतल्या एका न्यायालयाने १९५३ मध्ये च्युइंग गमबरोबर मिळणाऱ्या बेसबॉल खेळाडूंच्या छायाचित्रांच्या प्रकरणात ‘प्रसिद्धीचा हक्क’ ही कल्पना मान्य केली होती. कॅलिफोर्निया राज्याने १९७१ मध्ये नाव, छायाचित्र आणि छबीच्या परवानगीशिवाय होणाऱ्या व्यापारी वापराविरुद्ध कायदा केला होता. आणि १९८८ मध्ये गायिका बेट मिडलर यांच्या बाजूने एक महत्त्वाचा निकाल लागला होता. फोर्ड कंपनीच्या जाहिरातीसाठी गाण्यास मिडलर यांनी नकार दिला. जाहिरात संस्थेने त्यांच्याच साथीला पूर्वी गायलेल्या गायिकेला हुबेहूब त्यांच्या ढंगात गायला लावले. गाणे वापरण्याची परवानगी रीतसर घेतलेली होती, तरीही न्यायालयाने म्हटले की, सुप्रसिद्ध गायिकेचा ओळखीचा आवाज माल खपवण्यासाठी मुद्दाम नकलणे म्हणजे तिचे जे आहे ते हिरावून घेणे होय. आज आशाताईंच्या आवाजाच्या बाबतीत जो युक्तिवाद होतो तो मूळचा हाच.

तरीही ग्लोव्हर यांचा खटला सोपा नव्हता. मिडलर यांचे प्रकरण जाहिरातीचे होते, हे चित्रपटाचे. चित्रपट ही अभिव्यक्ती मानली जाते आणि अमेरिकेच्या राज्यघटनेत तिला भक्कम संरक्षण आहे. परवानगीशिवाय एखाद्याचा चेहरा साबणाच्या वेष्टनावर छापणे आणि तोच चेहरा कथाचित्रात वापरणे या दोन गोष्टी न्यायालये एकाच मापाने मोजत नाहीत. निकाल लागला असता तर ही सीमारेषा कुठे आहे हे जगाला कळले असते. तो लागला नाही. प्रकरण तडजोडीने मिटले. ग्लोव्हर यांना सुमारे ७ लाख ६० हजार डॉलर मिळाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले.

तडजोडीमुळे न्यायालयीन पायंडा पडला नाही, पण व्यवहारात फरक पडला. मोठमोठ्या स्टुडिओंना कळले की असा प्रयोग महागात पडू शकतो. कृत्रिम साधनांनी एका अभिनेत्यावर दुसऱ्याचा चेहरा चढवण्याला आळा घालणारे नियम त्यानंतर अमेरिकन अभिनेत्यांच्या संघटनेच्या करारांत आले, आणि त्याचे श्रेय या खटल्याला दिले जाते.

पात्राचाच चेहरा तसा असेल तर?

यावर एक कायदेशीर प्रतिवाद उरतो. जॉर्ज मॅकफ्लाय हे पात्र लोकांच्या मनात ग्लोव्हर यांच्याच चेहऱ्याने वसलेले आहे. मग पात्राचा मालक असलेल्या स्टुडिओला तो चेहरा वापरण्याचा हक्क का नसावा? याच स्वरूपाचा प्रश्न पुढे ‘चीअर्स’ या दूरचित्रवाणी मालिकेवरून आला. विमानतळांवरच्या मद्यालयांत मालिकेतल्या दोन गिऱ्हाइकांसारखे दिसणारे यांत्रिक पुतळे बसवले गेले. पात्रांचे हक्क रीतसर घेतलेले होते. ती पात्रे साकारणारे जॉर्ज वेंट आणि जॉन राट्झेनबर्गर यांनी दावा केला, आणि १९९७ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने म्हटले की, प्रसिद्ध पात्र साकारले म्हणून अभिनेता स्वतःच्या छबीवरचा हक्क गमावत नाही. पुतळा ‘पात्रासारखा’ दिसतो की ‘माणसासारखा’ हे तपासूनच ठरवावे लागेल. त्याच न्यायालयातल्या एका न्यायाधीशाने मात्र जोरदार मतभेद नोंदवला: अशाने पात्रांच्या मालकांना आपल्याच पात्रांचा वापर करणे अशक्य होईल. हा मतभेदही वजनदार आहे आणि तो अजून पुरता मिटलेला नाही.

भारतात काय स्थिती आहे?

आपल्याकडे व्यक्तिमत्त्व हक्कासाठी स्वतंत्र कायदा नाही. न्यायालये वेगवेगळ्या धाग्यांतून संरक्षण विणतात. पहिला धागा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा. १९९४ च्या आर. राजगोपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, एखाद्याचे नाव किंवा छबी त्याच्या संमतीशिवाय वापरणे हा खासगीपणाचा भंग ठरू शकतो. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट केले. दुसरा धागा व्यापारातल्या फसवणुकीचा: अमुक कलाकाराची संमती आहे असे भासवून माल विकणे. तिसरा धागा कॉपीराइट कायद्यातल्या कलाकारांच्या हक्कांचा.

या तिसऱ्या धाग्याची कसोटी २०२५ मध्ये लागली. ‘रांझणा’ या चित्रपटाची तमिळ आवृत्ती कृत्रिम बुद्धिमत्तेने बदललेल्या सुखांत शेवटासह पुन्हा प्रदर्शित करण्यात आली. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि अभिनेते धनुष यांनी जाहीर आक्षेप घेतला. हक्क ज्या कंपनीकडे आहेत तिचे म्हणणे, चित्रपट आमचा आहे. पण मेलेल्या नायकाला डोळे उघडायला लावले ते धनुष यांच्या चेहऱ्यावर, त्यांनी कधीही न केलेल्या अभिनयाने. चित्रण स्टुडिओचे आणि चेहरा माणसाचा, या दोन हक्कांमधली गाठ १९८९ पेक्षा आता अधिक घट्ट झाली आहे. कारण साचा घेण्यासाठी अभिनेत्याला खुर्चीत बसवावे लागत असे. आता त्याचे जुने चित्रपटच साच्याचे काम करतात.

मग मिमिक्रीही बंद होणार का?

अनिल कपूर यांच्या प्रकरणात नाव, आवाज, छबी यांच्याबरोबर ‘झकास’ हा त्यांच्या खास ढंगात म्हटलेला उद्गारही संरक्षणात आला, तेव्हा मराठी माणसाला साहजिकच प्रश्न पडला. हा तर आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द! त्यावर कोणाची मालकी कशी? मालकी नाहीच. मिसळ झकास झाली असे म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही आणि लागणारही नाही. अनिल कपूर यांची छबी आणि तो उद्गार जोडून टी-शर्ट विकणे, मोबाइलची रिंगटोन विकणे किंवा त्यांचा खोटा व्हिडिओ बनवून पैसे कमावणे, यावर बंदी आहे.

विडंबन, व्यंगचित्र, टीका, बातमी आणि संशोधन यांना मोकळीक असली पाहिजे हे दिल्ली उच्च न्यायालयाने एकाहून अधिक प्रकरणांत म्हटले आहे. गायक दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या, गाणाऱ्या बाहुल्यांच्या विक्रीला २०१० मध्ये मनाई करतानाच, या हक्काचा अतिरेक झाला तर अभिव्यक्तीचा गळा घोटला जाईल असा इशाराही न्यायालयाने दिला होता. रंगमंचावर एखाद्या नेत्याची नक्कल करणारा कलाकार स्वतःच्या चेहऱ्याने, स्वतःच्या नावाने उभा असतो आणि ही नक्कल आहे हे प्रेक्षकाला माहीत असते. फसवणूक नसते, त्यामुळे हक्काचा भंगही नसतो. माझी काळजी उलट दिशेची आहे. या आदेशांचा आधार घेऊन बडे लोक नावडती टीका हटवू लागले तर या हक्काचीच बदनामी होईल.

मृत्यूनंतर हक्क कोणाकडे?

हा भाग सर्वांत धूसर आहे. ड्रॅक्युला साकारणारे बेला लुगोसी यांच्या वारसांनीही युनिव्हर्सल स्टुडिओवरच दावा लावला होता. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: हयात असताना जो हक्क वापरला नाही तो वारसाने मिळत नाही. त्यानंतर त्या राज्याने कायदा करून मृत्यूनंतरही काही दशके हा हक्क वारसांना दिला. आज ती मुदत ७० वर्षांची आहे. भारतात सुशांतसिंह राजपूत यांच्यासंबंधीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हा हक्क व्यक्तीबरोबरच संपतो असे मत दिले. दुसरीकडे एप्रिल २०२५ मध्ये नाशिकच्या मेळाव्यात शिवसेनेच्या ठाकरे गटाने बाळासाहेब ठाकरे यांच्या आवाजातले कृत्रिम भाषण ऐकवले. ते तर कुटुंबीयांच्याच पक्षाने केले; उद्या परक्या कोणी केले तर कोणत्या कायद्याने थांबवायचे, याचे सरळ उत्तर आज कोणत्याही पुस्तकात मिळत नाही.

ग्लोव्हर यांचे पुढे काय झाले?

बलाढ्य स्टुडिओवर खटला भरणाऱ्या कलाकाराची कारकीर्द संपते असा समज आहे. ग्लोव्हर यांची संपली नाही, पण ती मुख्य प्रवाहातून बाजूला सरकली हे खरे. १९८६ च्या ‘रिव्हर्स एज’मधल्या त्यांच्या कामाची समीक्षकांनी दखल घेतली होती, १९९१ मध्ये ‘द डोअर्स’मध्ये त्यांनी चित्रकार अँडी वॉरहॉल साकारले. २००० च्या ‘चार्लीज एंजल्स’मध्ये त्यांच्या सुचवण्यावरून खलनायकाचे सगळे संवाद काढून टाकले गेले आणि ते एक शब्दही न बोलता लक्षात राहिले. अशा मोठ्या चित्रपटांतून मिळणारे पैसे त्यांनी स्वतःच्या चित्रपटांत घातले. ‘व्हॉट इज इट?’ हा त्यांचा चित्रपट २००५ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. त्यातले बहुतेक कलाकार डाउन सिंड्रोम असलेले होते. हे चित्रपट घेऊन ते गावोगावच्या चित्रपटगृहांत स्वतः जातात, प्रेक्षकांसमोर उभे राहून सादरीकरण करतात आणि प्रश्नांना उत्तरे देतात. आपल्या कामाची प्रत दुसऱ्याच्या हाती सोडायची नाही, हा आग्रह त्यांनी इतका लावून धरला आहे.

या कारकिर्दीतली मला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारी नोंद २००७ ची आहे. ‘बॅक टू द फ्युचर’चे दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी ‘बेओवुल्फ’ हा चित्रपट केला, तोही कलाकारांच्या हालचाली संगणकात टिपून घेणाऱ्या तंत्राने. त्यातल्या ग्रेंडेल या राक्षसाच्या भूमिकेत होते क्रिस्पिन ग्लोव्हर. पडद्यावरचा राक्षस त्यांच्यासारखा मुळीच दिसत नाही, पण त्याचे कण्हणे आणि वेडेवाकडे चालणे त्यांचेच आहे. त्याच दिग्दर्शकाने त्याच अभिनेत्याच्या शरीराची नोंद यंत्राने घेतली, या वेळी करार करून, मानधन देऊन, श्रेयनामावलीत नाव छापून. म्हणजे आक्षेप तंत्रज्ञानाला नव्हता, संमती टाळण्याला होता.

ज्यांचे नाव कोणाला ठाऊक नाही त्यांचे काय?

आशा भोसले, अनिल कपूर किंवा क्रिस्पिन ग्लोव्हर न्यायालयात जाऊ शकतात. गोरेगावच्या चित्रनगरीत गर्दीच्या प्रसंगासाठी दिवसाच्या रोजावर उभा राहणारा ज्युनिअर आर्टिस्ट किंवा परभाषेतल्या मालिकांना मराठी आवाज देणारी डबिंग कलाकार वकील कुठून आणणार? अमेरिकेत २०२३ च्या जुलै ते नोव्हेंबरमध्ये अभिनेत्यांनी जो ११८ दिवसांचा संप केला त्यात हा प्रश्न कळीचा होता. गर्दीतल्या कलाकारांना एका दिवसाचे पैसे देऊन, त्यांचे शरीर संगणकात टिपून ते कायमचे वापरायचे असा स्टुडिओंचा प्रस्ताव असल्याचा आरोप संघटनेने केला. स्टुडिओंनी तो नाकारला. अखेर झालेल्या करारात कलाकाराची संगणकीय प्रतिकृती वापरण्यासाठी स्पष्ट संमती आणि मोबदला यांच्या अटी आल्या.

मराठी मालिका आणि चित्रपटांत काम करणाऱ्यांनी करारपत्रावर सही करण्यापूर्वी तीन जागा तरी पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. चेहरा, आवाज किंवा हालचाली टिपून ठेवण्याची परवानगी त्यात दिली आहे का. ती केवळ याच कलाकृतीपुरती आहे की ‘सर्व माध्यमांत, सर्व काळासाठी’ अशा सरसकट शब्दांत आहे. आणि टिपलेल्या सामग्रीवरून संगणकाला शिकवण्याचा उल्लेख कुठे दडलेला आहे का. सरसकट शब्द असतील तर ते खोडून ‘फक्त याच कलाकृतीसाठी’ असे लिहून मागावे. एकट्या कलाकाराने मागितले तर काम हातचे जाण्याची भीती असते, म्हणून ही मागणी कलाकारांच्या संघटनांनी एका आवाजात केली पाहिजे आणि सरकारने कलम ३८अ मधल्या ‘त्याच चित्रपटात’ या शब्दांना संगणकीय प्रतिकृतीचा स्पष्ट उल्लेख जोडला पाहिजे.